मंगळवारची दोन गाठोडी

"चेहरा काय, माणूस रोज धुतो, कॉलर मात्र धुतल्यावरही खरं बोलते," असं मावशी एकदा दुकानात म्हणाली, तेव्हा समोर कपडे घ्यायला आलेल्या तिघा पुरुषांचे हात एकाच वेळी आपापल्या मानेमागे गेले.

मावशी म्हणजे सगळ्या गावाची मावशी. तिच्या इस्त्रीच्या दुकानावर पाटी नव्हती. "मावशीकडे टाकलेत" एवढं म्हटलं की कपडे कुठे आहेत ते घरातल्या सगळ्यांना कळायचं.

गाव शहराच्या टोकाला होतं. शहर चालून चालून दमतं, उंच इमारती बसक्या होत जातात, दुकानादुकानांमध्ये मोकळी जागा पडायला लागते, आणि शेवटी एका पाण्याच्या टाकीपाशी ते पाठ टेकतं. तिथे हे गाव होतं. बस इथवर यायची, टाकीला वळसा घालायची आणि आल्या वाटेने परत जायची. टाकीच्या पलीकडेही रस्ता होता. पण तो कुठे जातो याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. सकाळी साडेसातच्या आत गाव रिकामं व्हायचं. कारकून, नर्सा, मास्तर, रखवालदार, दुकानांतले विक्रेते, सगळे कडक इस्त्रीत बसमध्ये चढायचे आणि संध्याकाळी चुरगळून उतरायचे. शहर त्यांना दिवसभर चुरगळायचं, मावशी त्यांना पुन्हा सरळ करायची. हे भांडण अठ्ठावीस वर्षं चाललं होतं आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीच माघार घेतली नव्हती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटच्या चार घड्या, वर पांढरी चादर. टेबलाच्या कडेला, लाकडातच, इस्त्रीच्या आकाराचा एक काळा डाग. लेक झाली त्या दिवशीचा. कळ आली आणि इस्त्री होती तिथेच राहिली. छतातून स्प्रिंगला लोंबणारी वायर, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली, आणि डोक्यावर एक पिवळा बल्ब. ट्यूबलाइटच्या उजेडात चांगली माणसंसुद्धा आजारी दिसतात, असं मावशीचं मत होतं, आणि मावशीच्या मतावर अपील नसायचं.

खिडकीच्या फळीवर दोऱ्यांची रिळं होती. घरटी एक रंग. कपडा पहिल्यांदा आला की कॉलरच्या किंवा कमरपट्टीच्या आतल्या बाजूला त्या घरच्या रंगाचे दोन टाके पडायचे. शाई धुतली जाते, चिठ्ठी गळून पडते, टाका राहतो. डॉक्टरीणबाई पिवळ्या, बेकरीवाले पांढरे, शाळेचे हेडमास्तर काळे. घरं वाढली तसे रंग पुरेनात, मग काळ्यापिवळ्याची जोडी, पांढऱ्यातपकिरीची जोडी असं करत गाव त्या फळीवर मावत गेलं. लाल तेवढा मावशीनं कोणाला दिला नाही. लाल घरचा. "आपलं माणूस ढिगातून पटकन सापडायला हवं," ती म्हणायची. तिचे स्वतःचे, नवऱ्याचे आणि लेकीचे कपडे लाल टाक्यांचे असत.

नवऱ्याला गाव कंडक्टर म्हणायचं, आणि मावशीही कंडक्टरच म्हणायची. एकतीस वर्षं तो याच बसवर होता. निवृत्त झाला त्या दिवशी मावशीनं त्याच्या हातातली तिकिटांची पेटी खुंटीला टांगली आणि सायकल दिली. आता तो घरोघर जाऊन गाठोडी आणायचा आणि नेऊन पोचवायचा. प्रत्येक घराची आपापली चादर. कपडे त्यातच बांधून यायचे, त्यातच बांधून जायचे. दारात गाठोडं ठेवताना अजूनही त्याच्या तोंडून "चला, उतरून घ्या" निघायचं.

मावशी सहसा दुकान सोडून कुठे जात नसे. त्यामुळे गावातली निम्मी माणसं ती चेहऱ्याने ओळखायची नाही, कपड्यांनी ओळखायची. कोणाची नोकरी सुटली ते तिला आधी कळायचं, कारण शर्ट यायचे बंद व्हायचे. कोण प्रेमात पडलंय तेही, कारण एकाएकी दुप्पट यायला लागायचे. हातात इस्त्री चालू असायची आणि तोंडही. कपडा संपला तरी वाक्य संपायचं नाही. मग ते पुढच्या कपड्याला लागायचं.

"अठ्ठावीस वर्षांत," ती इस्त्री आडवी फिरवत म्हणायची, "एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही माझ्याकडून."

हे वाक्य आलं की कंडक्टर हमखास सायकलच्या चाकात हवा आहे का ते बघायला बाहेर जायचा.

लेकीला घरात टाचणी म्हणत. अंगाने तशी, आणि बोलायलाही तशीच. ती शहरात एका सातमजली इमारतीत नोकरीला होती. एका मंगळवारी सकाळी, बस सुटायच्या आधी, केस विंचरता विंचरता तिनं सांगून टाकलं:

"आई, मी लग्न करायचं म्हणतेय."

मावशीच्या हातातली इस्त्री थांबली नाही. "कर की. कोणाशी, तेवढं ठरलंय का? की तेही मीच बघू?"

"ठरलंय. आपल्याच गावातला आहे. लिफ्ट दुरुस्त करतो."

"आपल्या गावात लिफ्ट कुठेय?"

"शहरात करतो गं. आमच्या ऑफिसची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत मी एकटी. चाळीस मिनिटं मी दाराच्या फटीतून भांडत होते आणि तो बाहेरून 'हो बाई, हो बाई' करत काम करत होता. दार उघडलं तर म्हणाला, तुमचा आवाज ओळखीचा वाटतो, तुम्ही सात दहाच्या बसला असता ना?"

"आवाजावरून?" कंडक्टर म्हणाला. "मग पोरगा पक्का. सात दहाच्या बसमध्ये तुझाच आवाज असतो."

"राहतो कुठे?" मावशीनं विचारलं.

"बेकरीच्या वर."

आता इस्त्री थांबली. मावशीनं ती उभी करून ठेवली, म्हणजे विषय गंभीर होता.

"बेकरीवरचा? हिरवा दोरा?"

"दोरा मला माहीत नाही. माणूस माहीत आहे."

"मला दोरा माहीत आहे!" मावशी म्हणाली. "दोन्ही बाह्यांना तेल. दुसरं बटण कायम तुटलेलं. म्हणजे माणूस शर्ट काढत नाही, ओरबाडतो. एकदा खिशातून स्क्रू निघाला, माझ्या इस्त्रीला चरा पडला, हा बघ. जो स्वतःचा खिसा तपासत नाही, तो संसाराची काय घडी घालणार?"

"तू त्याला कधी पाहिलंयस का?"

"शर्ट पाहिलेत. दीड वर्ष बघतेय. आणि तो टाकीसमोरचा बघ! तोही एकटाच राहतो, त्याच महिन्यात गावात आलेला. निळा दोरा. काय शर्ट असतात! टाकताना कफसुद्धा सरळ करून टाकतो. तो राखाडी रेघांचा आहे ना, त्याच्या खिशाच्या कोपऱ्याला रफू आहे. डोळ्याला दिसत नाही, अंगठा फिरवला तेव्हा कळलं. असा माणूस बायकोलाही जपून वापरतो."

"मग त्याच्याशी तूच कर लग्न."

"मी इथेच बसलोय," कंडक्टर म्हणाला.

"तुम्ही बसाच," मावशी म्हणाली. "हिरव्या दोऱ्याला मी हो म्हणणार नाही. सांगून ठेवते. उद्या म्हणशील आई बोलली नव्हती."

"आई बोलली नव्हती असं या गावात कोणीच म्हणणार नाही," टाचणी म्हणाली आणि डबा उचलून बसला पळाली. पण दारातून वळताना तिनं वडिलांकडे जे पाहिलं, त्यात टोक नव्हतं. आईच्या होकाराशिवाय ती लग्न करणार नाही आणि दुसऱ्याशीही करणार नाही, हे कंडक्टरला त्या एका नजरेत कळलं.

आणि कंडक्टरला आणखीही एक गोष्ट माहीत होती. जगात ती फक्त त्यालाच माहीत होती.

टाकीसमोरचा महिन्याला चारसहाच कपडे टाकायचा, तेही हाफ शर्ट. राखाडी रेघांचा शर्ट त्याचा नव्हता. कफ सरळ करून टाकलेले, अंगठ्यालाच कळावं असं रफू केलेले, मावशीनं ज्यांची आरती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली होती, ते सगळे शर्ट बेकरीवरच्या लिफ्टवाल्याचे होते. आणि तेलाचे, बटण तुटलेले, स्क्रूवाले? तेही त्याचेच. आठवड्यातले दोन दिवस तो कंपनीच्या ऑफिसात बसायचा, चार दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा.

हे असं झालं होतं. दीड वर्षापूर्वी दोघे एकटे पुरुष एकाच महिन्यात राहायला आले तेव्हा फळीवर दोनच रंग उरले होते, निळा आणि हिरवा. मावशीला दोन्ही कधी आवडले नव्हते, म्हणून मागे राहिलेले. सुया कंडक्टरनं ओवून दिल्या, मावशीनं टाके घातले. दोघांचा वार मंगळवार. दोन्ही गाठोडी एकदम सुटायची, पाणी शिंपडून एका ढिगात मुरायची, आणि इस्त्री झाली की मावशी कॉलर उलटून बघत दोन थप्प्या लावायची. गाठही तीच मारायची, कंडक्टर फक्त न्यायचा.

पहिल्याच महिन्यात बेकरीवरच्याकडे दोनदा हाफ शर्ट गेले. दुसऱ्यांदा दोन्ही गाठोडी परत आणताना कंडक्टर ओढ्याच्या वळणावर थांबला. तिथे छोट्या पुलाला एक बुटका कठडा होता. त्यावर त्यानं ती सोडली आणि भर उजेडात एकेक कॉलर उलटून पाहिली. हिरव्यात निळे, निळ्यात हिरवे. घरी येऊन तो सहज म्हणाला, "जरा हिरवं रीळ दे गं, खिशाला टाका घालतो." मावशीनं बोलता बोलता निळं दिलं.

तिला त्या दोन रंगांतला फरक दिसत नव्हता. कधीपासून, कोण जाणे. आणि दिसत नाही हे तिला कळलं नव्हतं, कारण तिला तो दिसत होता. चांगला शर्ट हातात आला की दोरा निळा दिसायचा, खराब आला की हिरवा. अठ्ठावीस वर्षं माणसं ओळखून ओळखून तिचा हात आधी निकाल द्यायचा आणि डोळा नंतर सही करायचा. असे तिनं एका माणसाचे दोन केले होते. त्यातला एक देव होता आणि दुसरा दळभद्री.

कंडक्टरनं काही सांगितलं नाही. एकतीस वर्षं बसमध्ये त्यानं एक नियम पाळला होता. झोपलेल्या प्रवाशाला मधेच उठवायचं नाही. त्याचा थांबा आला की खांद्याला हात लावायचा, तोही हलकेच. मावशीच्या एका रुमालाच्या वाक्यावर अख्खं गाव विसंबून होतं आणि ती स्वतः त्या वाक्यावर उभी होती. ते वाक्य तिच्या पायाखालून कशाला ओढायचं? म्हणून दर मंगळवारी तो घरून दोन गाठोडी घेऊन निघायचा, वळणावर कठड्याशी सायकल टेकवायचा, दोन्ही सोडायचा, शर्ट इकडचे तिकडे करायचा आणि परत बांधायचा. गाठ मावशीसारखीच यावी म्हणून सुरुवातीला त्याला तीनतीनदा बांधावी लागे. आता सरावानं येत होती. वाटेनं जाणारे विचारत, "काय कंडक्टर, सुट्टे नाहीत का?" तो म्हणे, "मागे सरका."

दीड वर्ष कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आता लेकीचं बिघडत होतं. थांबा जवळ आला होता.

शनिवारी दुपारी त्यानं प्रयत्न केला.

"एकदा डोळे दाखवून यावेत का?"

"कोणाचे?"

"आपले. दोघांचे."

"तुमचे दाखवा. परवा चहात मीठ घातलंत."

"ते बोलण्याच्या नादात झालं."

"कोण बोलत होतं?"

"तू."

मावशी हसली, आणि हसता हसता चादरीवर पाणी शिंपडून पुढच्या पँटला लागली. तिच्या हसण्यापुढे कंडक्टरचं कधीच काही चाललं नव्हतं. तो बाहेर जाऊन सायकलचं चाक दाबून आला. हवा भरपूर होती.

टाचणीनं मात्र आईकडून एवढं कबूल करून घेतलं की रविवारी चार वाजता तो चहाला येईल. "येऊ दे," मावशी म्हणाली. "चहाला मी कोणाला नाही म्हणत नाही. कॉलर तरी बघू."

रविवारी चारला दोन मिनिटं कमी असताना लिफ्टवाला आला. उंच, जरासा वाकून चालणारा. खड्ड्यात आणि छपरात काम करणाऱ्यांना उभं राहायची तेवढी सवय नसते. नखांच्या कडेला न निघणारी काळी रेघ. मागच्या खोलीत खुर्ची होती ती त्याला दिली, बाकीचे पलंगावर बसले. दाराच्या पडद्यापलीकडे दुकान होतं, बंद, पिवळा बल्बही बंद. खिडकीतून चांगलं ऊन आत येत होतं.

मावशी चहाचा ट्रे घेऊन आली, आणि ट्रे ठेवायचं विसरून तिथेच उभी राहिली.

"हा शर्ट तुम्ही कुठून आणलात?"

लिफ्टवाल्यानं खाली पाहिलं. शर्ट राखाडी रेघांचा होता.

"माझाच आहे, मावशी."

"तुमचा नाही. टाकीसमोरच्याचा आहे. खिशाच्या या कोपऱ्याला रफू आहे."

"हो. ते मीच केलंय."

"आई," टाचणी म्हणाली, "पहिल्या भेटीत शर्ट चोरलास का असं विचारतेयस?"

"चोरला कुठे म्हणते? उसना आणला असेल. चांगला दिसायला माणूस आणतो. मी काय नाव ठेवत नाही." मावशीनं ट्रे ठेवला. "पण कपडा मी ओळखते. तुमचे कपडेही मी ओळखते. दुसरं बटण का तुटतं तुमचं नेहमी?"

"लिफ्टच्या दाराच्या फटीतून आत घुसताना घासतं," लिफ्टवाला म्हणाला. तो रागावला नव्हता. उलट त्याला गंमत वाटत होती आणि ती लपवायचा तो प्रयत्न करत होता. "शर्टावरून घालायचा ओव्हरॉल देतात कंपनीकडून, पण तो माझ्या गुडघ्यापर्यंतच येतो, घालता येत नाही. आणि त्या स्क्रूबद्दल मला माफ करा. मी तो चार दिवस शोधत होतो."

"सापडला. माझ्या इस्त्रीनं शोधला."

"पण हा माझाच आहे, खरंच. ऑफिसच्या दिवसांचे वेगळे ठेवतो मी. गेल्या वर्षी सुरुवातीला एकदोनदा मला दुसऱ्या कोणाचे तरी हाफ शर्ट आले होते. पण मी काकांना सांगितलं आणि त्यानंतर काकांनी कधी..."

तो थांबला. काका म्हणजे कंडक्टर, आणि कंडक्टरनं डोळे मिटून घेतले होते.

बाहेर रविवारची रिकामी बस टाकीला वळसा घालून गेली.

"माझ्याकडून कपडा चुकला?" मावशी म्हणाली.

"चूक माझी होती," कंडक्टर पटकन म्हणाला. "मीच गाठोडी उलटसुलट पोचवायचो. मीच सुया ओवताना घोटाळा केला. म्हातारपण, दुसरं काय. तू त्या दोऱ्यांवरून जे ठरवलंस ते माझ्यामुळे चुकलं. हा मुलगा चांगला आहे. दोन्ही शर्ट याचेच आहेत, चांगलेही आणि..."

"तुम्ही?" मावशीनं त्याला थांबवलं. "एकतीस वर्षांत तुमच्या हातून एक तिकीट चुकीचं फाडलं गेलं नाही. आणि घोटाळा केलात?"

कंडक्टरला खोटं बोलता येत नसे. प्रवाशांचं ऐकून ऐकून त्याला ते ओळखता तेवढं यायचं.

मावशी पडदा सारून दुकानात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक हाफ शर्ट होता, टाकीसमोरच्याचा, मागच्या खेपेला राहून गेलेला. ती लिफ्टवाल्याच्या मागे येऊन उभी राहिली. "जरा मान खाली," म्हणाली. त्यानं घातली. तिनं त्याची कॉलर उलटली, शेजारी हाफ शर्टाची कॉलर धरली, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात दोन्हींकडे पाहत राहिली. बराच वेळ. लिफ्टवाला कप हातात धरून तसाच वाकून बसला होता.

"टाचणे," शेवटी ती म्हणाली, "हा कुठला रंग?"

"हिरवा."

"आणि हा?"

टाचणीनं वडिलांकडे पाहिलं. मग आईकडे. तिच्या आवाजातलं टोक कुठल्या कुठे गेलं होतं. "निळा आहे गं, आई."

मावशीनं मान हलवली, जणू दुकानात आलेल्या नव्या गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवतेय. मग ती कंडक्टरकडे वळली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"दर मंगळवारी?"

"दर मंगळवारी."

"कुठे?"

"वळणावर. ओढ्याच्या कठड्यावर."

"गाठ?"

"तुझ्यासारखीच बांधतो," कंडक्टर म्हणाला. "कोणाला कळली नाही."

लिफ्टवाल्यानं जागच्या जागी सांगून टाकलं, "मला कळली होती. तुमची गाठ डावीकडे वळते, मावशी, काकांची उजवीकडे. पण कपडे बरोबर यायचे, मग मी कशाला बोलू?"

"म्हणजे यालाही गोष्ट पोटात ठेवता येते," कंडक्टर पुटपुटला.

मावशीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. आधी कपाळावर आठी आली. गरम इस्त्रीखाली चुणी जाते तशी ती हळूहळू गेली. ओठाचा एक कोपरा हलला. कंडक्टरनं तो कोपरा ओळखला. चाळीस वर्षांपूर्वी सात दहाच्या बसमध्ये, सुट्टे नसताना, एका मुलीच्या ओठांचा तोच कोपरा असाच हलला होता, आणि त्यानं तिला तिकीट स्वतःच्या खिशातून दिलं होतं. आता ती मोठ्यानं हसणार, असं त्याला वाटलं. पण ती न हसता पडदा सारून पुन्हा दुकानात गेली.

तिनं फळीवरून एक रीळ काढलं. ते निवडताना तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही. परत येऊन सुई आणि दोरा तिनं लेकीपुढे धरले. टाचणीनं मुकाट्याने सुई ओवून दिली. मावशी पुन्हा लिफ्टवाल्याच्या मागे गेली, कॉलर उलटी केली, डाव्या हाताचा अंगठा आतल्या बाजूला धरला, म्हणजे टोचलं तर आपल्याला टोचावं. मग हिरव्याच्या शेजारी दोन टाके घातले. पहिला, मग दुसरा. गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

लिफ्टवाल्याला काय झालं ते दिसत नव्हतं. त्यानं कप तसाच धरून ठेवला होता. हलायची परवानगी आहे की नाही, हे त्याला समजेना. टाचणीला दिसत होतं. ती वाकली, कॉलर बघितली, आणि एकदम तोंडावर हात धरला. बोटांच्या फटींतून हसू आणि रडू दोन्ही एकदम बाहेर यायला लागलं. आधी कोणी जायचं याची त्यांची जणू ढकलाढकली चालली होती.

"काय झालं?" लिफ्टवाल्यानं विचारलं. "कुठला रंग आहे?"

"लाल," टाचणी म्हणाली. "लाल आहे, वेड्या."

त्याला लालचा अर्थ माहीत नव्हता. तो त्याला कंडक्टर सांगणार होता, सावकाश, चहा पीत, पहिल्या रिळापासून. त्यानं तोंड उघडलंही. पण मावशीनं कंडक्टरसमोर येऊन हातातली सुई त्याच्याच शर्टाच्या छातीवर खोचली, रोज काम संपल्यावर स्वतःच्या खांद्यावर खोचायची तशी, आणि त्याच्याकडे एवढा वेळ पाहिलं, की तो काय बोलणार होता तेच विसरला.

मग तिनं दारातल्या चपला पायात सरकवल्या, पडदा सारला, बंद दुकान ओलांडलं, बाहेरचं दार उघडलं. उजवीकडे बसथांबा होता आणि बेकरी. डावीकडे वळण. दुकानातून पाऊल बाहेर टाकताना काही ना काही बजावल्याशिवाय, कोणाला तरी हाक मारल्याशिवाय, निदान दाराला शिव्या घातल्याशिवाय ती कधी गेली नव्हती. कंडक्टर खिडकीशी उभा राहून वाट बघत होता. मावशी पायरी उतरली, डावीकडे वळली, आणि एक शब्द न बोलता ओढ्याच्या कठड्याकडे चालू लागली.